न लिहिलेला काना

ती केस मी विसरलेलो नाही, कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत चुका आणखीही झाल्या, पण त्या जर्मनमध्ये झाल्या. ही मराठीत झाली.

वडील न्युरेम्बर्गला इंजिनिअर म्हणून आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढे बायर्न राज्याच्या पोलिसांत गेलो आणि म्युनिकच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात गुन्हे तपासाला लागलो. आईने घरात मराठीच बोलायचा दंडक ठेवला होता, त्यामुळे सगळ्या खात्यात मराठी येणारा अधिकारी मी एकटाच ठरलो. त्याचा मला थोडा ताठाही होता. तो या केसने उतरवला.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एका सकाळी टपालात निनावी पत्र आलं. वाईट पत्र, पण उत्तम जर्मनमध्ये लिहिलेलं. उंटरश्लाइसहाइममधल्या एका मराठी कुटुंबात सुनेने भारतातून आणलेल्या गोळ्या घेऊन घरच्या घरी गर्भपात केला, असा आरोप. सोबत स्क्रीनशॉट. पुण्याहून आलेल्या सासूने बहिणीला पाठवायचा मेसेज चुकून इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकला होता. तिने तो लगेच पुसला, पण तेवढ्यात कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला. मेसेज रोमन लिपीत होता: "Sunecha pot padla. Mi dileli goli ghetli ani don divsani. Konala bolu nakos."

मी वाचलं, "सुनेचं पोट पाडलं." लगेच जर्मनमध्ये उतरवलं, खाली सही केली आणि कॉफी प्यायलो.

इथला कायदा बाहेरच्याला चमत्कारिक वाटतो. गर्भपात गुन्हाच आहे, त्याचं कलम दंडसंहितेत खुनाच्या कलमांच्या पंक्तीत बसतं. पण बाईने मान्यताप्राप्त केंद्रात समुपदेशन घेतलं, तिथला दाखला घेतला, मधे तीन दिवस जाऊ दिले आणि गर्भधारणेपासून बारा आठवड्यांच्या आत डॉक्टरकडून करून घेतला, तर शिक्षा नाही. कारण कुणी विचारत नाही. मात्र डॉक्टरला वगळून स्वतःच गोळ्या घेतल्या, तर बाई स्वतः आरोपी. आणि तक्रार हातात आली की आम्हाला डोळेझाक करता येत नाही.

सरकारी वकील बाईंनी माझा अनुवाद वाचला. "शब्द स्पष्ट आहे ना?" त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हणालो, "गेनाऊ," म्हणजे अगदी. त्यावर त्या म्हणाल्या, तर मग घरझडतीचा हुकूम मागते, तोवर तुम्ही जाऊन बोलून या.

दहा वाजता मी आणि माझी जर्मन सहकारी त्यांच्या दाराशी उभे होतो. सासूबाईंनी दार उघडलं. साठी ओलांडलेल्या, स्वेटरवर शाल, पायात लोकरी मोजे. मी मराठीत बोललो तशा त्या खुलल्या, आणि ओळखपत्र पाहिल्यावर तितक्याच विझल्या. सून आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. मुलगा कामावर गेला होता.

"चहा टाकते, साहेब."

"नको ताई, ड्यूटीवर आहे." मग नियमाप्रमाणे सांगितलं, की तुम्ही जवळच्या नातेवाईक आहात, सुनेविरुद्ध काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही.

"मला काय लपवायचंय?" त्या म्हणाल्या. "पोट पडलं हो तिचं. माझ्यामुळेच पडलं."

त्यांनी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा मी ऐकलं. पडलं. पाडलं नव्हे. रोमनमध्ये दोन्ही सारखंच लिहितात. मेसेजमध्ये गोळी दिसली म्हणून काना मी माझ्या मनाने देऊन टाकला होता. इकडे सहकारी कानाशी विचारत होती, ती काय म्हणते. मी म्हणालो, "मी चुकलो, असं म्हणतेय."

गोळी कसली, ते विचारलं. त्यांनी फडताळातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणली. "तिचं डोकं जड होतं म्हणून दिली. मला काय ठाऊक, दिवस राहिलेत ते. दोन दिवसांनी ही झोपून होती. विचारलं तर म्हणाली, आई, दिवस गेले होते, राहिलं नाही. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. नातवंड मीच मारलं." त्या शालीत तोंड लपवून रडायला लागल्या.

सून दाराशी येऊन उभी होती. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, गळ्यात हेडफोन तसाच. मूल गेलेल्या घरांत मी बरेचदा गेलो आहे. तिथे एकजण रडायला लागलं की दुसऱ्याचा हात आपसूक त्याच्याकडे जातो. हिचा हात पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला. ती सासूकडे बघेना. माझ्या लक्षात आलं, की माझा अनुवाद चुकला असेल, पण केस अजून संपलेली नाही.

तिला वेगळ्या खोलीत नेऊन हक्क वाचून दाखवले. मग विचारलं, "तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात?"

"मला बोलायचं नाही." मग ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला गणपतीत पाहिलंय. तुम्ही आत्ता मंडळातले काका म्हणून विचारताय की पोलीस म्हणून?"

"पोलीस म्हणून."

"मग नाहीच."

गप्प राहणं हा तिचा हक्क होता आणि मी तो मानला. पण एक गोष्ट, नियमात बसत नसूनही, मी सांगितली. "तुम्ही बोलला नाहीत तर त्याचा तुमच्याविरुद्ध अर्थ काढता येत नाही. पण झडतीचा हुकूम कदाचित उद्या निघेल. मग चार माणसं येऊन हे घर उलथंपालथं करतील, तुमच्या सासूबाईंसमोर. दुपारी तीनपर्यंत मी ठाण्यात आहे. येताना वकील आणलात तरी चालेल."

सर्दीच्या गोळ्यांची पट्टी पावती देऊन तपासणीसाठी ताब्यात घेतली. ठाण्यात परत येऊन सरकारी वकील बाईंना कळवलं, की माझा अनुवाद चुकीचा आहे. मग त्या म्हणाल्या, "एका स्वरामुळे?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, चारपर्यंत थांबते, पुढे नाही. त्या दिवसाइतका भिंतीवरच्या घड्याळाचा राग मला कधी आला नसेल.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ती आली. एकटीच. पर्समधून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एक, न्युरेम्बर्गच्या समुपदेशन केंद्राच्या दाखल्याची प्रत. दुसरा, तिथल्याच डॉक्टरचा कागद. सोमवारी समुपदेशन, शुक्रवारी गर्भपात, नववा आठवडा. सगळं कायद्याच्या चौकटीत.

"घरात ट्रेनिंग म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याला माहीत आहे, तो सोबत होता. आईंना नाही."

"कागद होते तर सकाळी का नाही दाखवलेत?"

"टॅक्सच्या फाइलमध्ये होते. आई फक्त तीच उघडत नाहीत. बाकी रोजचं पोस्ट त्याच वर आणतात आणि फोनचा कॅमेरा धरून सगळं जर्मन वाचून काढतात." तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मला शिक्षेची भीती नव्हती. मी सगळं नियमाने केलंय. आईंना कळेल, याची भीती होती. का केलं ते विचारणार आहात?"

"कायदा विचारत नाही. मीही नाही."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. रडता रडता म्हणाली, "पण त्या गोळीचं मी त्यांना म्हटलं नव्हतं हो. त्यांनी स्वतःच तसं धरलं. आणि मी धरू दिलं. त्याची मला लाज वाटते."

तिने डॉक्टरांना गोपनीयतेतून लेखी मोकळं केलं आणि संध्याकाळच्या आत त्यांचा दुजोरा आला. झडती टळली. केस बंद केल्याचं पत्र घरी न जाता तिने नेमलेल्या वकिलाच्या पत्त्यावर जावं, ही व्यवस्था मी करून दिली. शेवटच्या अहवालात माझी चूक मी माझ्याच हाताने लिहिली. ते निनावी पत्र कुणी धाडलं ते कळलं नाही. खरं सांगायचं तर ते शोधायची मला फार इच्छा होती, आणि म्हणूनच मी त्या वाटेला गेलो नाही.

दोन आठवड्यांनी गोळ्यांची पट्टी परत करायला गेलो. ते काम पोस्टानेही झालं असतं. सासूबाई निम्म्या झाल्या होत्या. त्यांनी पावतीवर सही केली.

"साहेब, खरं सांगा. या गोळीमुळेच पडलं ना?"

"नाही ताई. गोळी तपासून झाली आहे. साधी सर्दीची आहे. तिचा काही संबंध नाही, हे मी तुम्हाला पोलीस म्हणून सांगतो."

"मग कशानं पडलं?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते देण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. मी पावतीची घडी घालत राहिलो. सून ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला, पदराला पुसावेत तसे स्वेटरला हात पुसले आणि येऊन सासूच्या पायाशी खाली बसली. या वेळी हात अर्ध्यात थांबला नाही.

"आई," ती म्हणाली, "पडलं नाही."

मी टोपी उचलली आणि बाहेर पडलो. पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. जिना उतरताना वरून कसलाच आवाज आला नाही, रडण्याचाही नाही, आणि मी एका मजल्यावर उगाचच थांबून राहिलो.

पुढच्या गणपतीत दोघी दिसल्या. सासूबाई मोदक वाढत होत्या, सून मागून तुपाचं भांडं घेऊन चालली होती. माझ्या पानाशी आल्यावर सासूबाई थांबल्या आणि एक मोदक जास्त वाढून पुढे गेल्या.

तपासाची पुस्तकं मी पुष्कळ वाचली, नव्या पोरांना शिकवलीही. या केसने शिकवलं ते त्यांत नव्हतं. तो काना त्या मुलीचा होता. कधी द्यायचा, कुणासमोर द्यायचा, की द्यायचाच नाही, हे तिने ठरवायचं होतं. मी मात्र तो सकाळी नऊ वाजता, कॉफी पिण्याआधी, तिच्या वतीने देऊन खाली सही करून मोकळा झालो होतो.