स्पंजातला मळ

टाकीतलं पाणी आज दुधाळ झालंय आणि मासे वर येऊन तोंडं उघडतायत. दुकानदाराशी तासभर घासाघीस करून, शेवटी त्याचं काहीच न घेता, गाळणी मी घरीच केली होती. बाटलीत खडे, त्यावर स्पंज, मधून हवेची नळी. पाणी कसं निवळशंख असायचं! काल दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी तो काळा स्पंज नळाखाली चोळचोळून धुतला.

"भाऊजी, किती घाण होती! बघा, कसा पिवळाधमक निघालाय."

"वहिनी, त्या घाणीतले जंतूच पाणी साफ ठेवत होते!"

"इश्श, घाण कधी साफ करते होय?"

घरभर हशा पिकला. माझं डोकं अजून तापलेलंच आहे. पाहुणे निवळ पाण्याचं कौतुक करायचे आणि स्पंजाकडे बघून नाक मुरडायचे. बाजारात हमरीतुमरी करून मी हे घर उभं केलं, आणि याच घरात पाहुण्यांपुढे माझ्या चढ्या आवाजाची सगळ्यांना लाज वाटते.

अर्धं पाणी बदलून मी तो स्पंज परत बसवलाय. आता तो लवकर मळावा, आणि तोवर मासे तगावेत.