ऑर्विलची उंच जागा

आमच्या नेब्रास्कात मालगाड्यांचे फोटो काढणाऱ्यांचा एक रिवाज आहे. चांगली जागा सापडली की ती कुणाला सांगायची नाही. त्यामुळे ऑर्विलचा फोटो गावातल्या कॅफेत लागला, तेव्हा माझ्या नवऱ्याची, डेलबर्टची, झोपच उडाली. वळणावर वाकलेली कोळशाची अख्खी गाडी, इंजिनाच्या तोंडावर दुपारचं ऊन, आणि सगळं कसं उंचावरून!

"कुठून काढलास रे?"

"उंचावरून," ऑर्विल कॉफी ढवळत म्हणाला.

मग रोज दुपारी डेलबर्टने मोटार काढून पूल नि टेकड्या पालथ्या घातल्या. घरी जेवताना तोच विषय. "मी जन्म घालवला यात, आणि जागा मिळते या नवशिक्याला!"

रविवारी मलाही त्याने तो फोटो दाखवायला नेलं. त्याची नजर गाडीवरून हलेना, माझी मात्र फोटोच्या कोपऱ्यात गेली. तिथे दोरीवर पिवळ्या फुलांची चादर वाळत होती.

"अरे, ही तर माझी चादर! ऑर्विल आपल्या कोठाराच्या छपरावर चढायला शिडी मागायला आला होता. मी त्याला केकसुद्धा खाऊ घातला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दुपारचा तू घरी असतोस कुठे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डेलबर्ट छपरावर चढला. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि तेवढ्यात ऑर्विलची मोटार अंगणात शिरली.

"डेलबर्ट, येऊ का वर?"

डेलबर्टने वाकून शिडी वर ओढून घेतली.