थोरल्या काकींची निर्जळी

थोरल्या काकी कुणाकडं गेल्या की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या, पण तोंडाला लावायच्या नाहीत. आधी घरच्या बाईला विचारायच्या, "माहेर कुठलं तुमचं?" मग आडनाव, आजोळ, बहिणी कुठं दिल्यात. उत्तर पसंत पडलं तर पाणी, मग चहा. नाही पडलं तर तांब्या खाली आणि "आज निर्जळी हाय माझी." वार कुठलाही असो! काकींची निर्जळी झाली म्हणजे ते घर सोयरिकीतून बाद, हे आमच्यातल्या पोराटोरांनाही कळायचं.

भावकीतल्या यच्चयावत सोयरिका त्यांना तोंडपाठ. शहरात, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये येऊन किती वर्षं झाली, तरी गावाकडं कुणाला स्थळ आलं की पहिला फोन काकींना. त्या बोलायच्या अशा, की फोन हातात घेतलाय कशाला असं वाटावं. समोरच्या क्लासमधली पोरं खिडकीतून बघायची. मला मात्र त्यांचा भारी राग यायचा. माणूस काय आडनावावरून जोखायचा असतो?

आणि बघा, मीच संदीपशी लग्न ठरवलं! जात एकच, पण आम्ही जमीनवाले आणि त्याची आई आमच्याच उसात भांगलायला रोजगारानं येणारी. तो शिकला, कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर झाला, पण ते कोण बघतो? घरात रणकंदन झालं. बाबा शेवटी नमले, भावकी नमली नाही. धाकटे चुलते, आमचे तात्या, म्हणाले, अक्षता टाकायला येऊ, पण आमच्यातली एकही बाई पाठराखीण म्हणून जाणार नाही. आमच्यात नवरीसोबत पहिल्यांदा सासरी माहेरची बाई जावीच लागते. ती गेली नाही, तर पोर माहेरानं टाकली असाच अर्थ. आईनं स्वतः जायची रीत नाही, त्यामुळं ती नुसती रडायची. काकी निर्जळी करणार हे मी धरूनच चालले होते.

पाठवणीच्या वेळी मी गाडीपाशी एकटी उभी होते. तेवढ्यात काकी आल्या, हातात कापडी पिशवी, आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या. तात्या धावत आले. "वहिनी, त्या घरात जेवणार तुम्ही?"

"पोरगी नांदणार हाय तितं. मी जेवलो तर काय झिजतोय व्हय?"

सासूबाईंनी तांब्या पुढं केला. काकींची निर्जळी त्यांनाही ठाऊक होती. काकींनी तांब्या घेतला आणि, सवयच ती, विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, गगनबावड्याकडची एक वाडी, नाव सांगून कुणाला कळायचं नाही. काकींनी मान हलवली, तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला! वर म्हणाल्या, आता भाकरी वाढा.

पाठराखीण एखादी रात्र राहते. काकी पाच दिवस राहिल्या! रोज सकाळी भावकीत एकेकाला फोन. आज खर्डा-भाकरी जेवलो, काल आंबील प्यालो, विहीणबाईंच्या हाताला चव लई हाय. अख्खी गल्ली ऐकायची आणि मी हसून बेजार.

निघताना मी विचारलंच, का आलात.

"सोयरिका जुळवण्यात जलम गेला," त्या म्हणाल्या. "पण तुला पटतंय का, असं एकाबी पोरीला इचारलं न्हाय मी. मलाबी कुणी इचारलं नव्हतं. तू न इचारता सांगितलंस." मग पिशवी उचलून निघाल्या. त्या दिवसापासून त्यांचा राग मला कधी आला नाही.

गेल्या वर्षी काकी गेल्या. तेराव्याला सगळी भावकी जमली. सासूबाई दाराशीच अंग चोरून बसल्या होत्या, वाढायला उठू की नको अशा. तात्या पानावर बसले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "विहीणबाई, पाणी द्या की."

सासूबाई तांब्या घेऊन गेल्या. तात्यांनी काही न विचारता तो तोंडाला लावला.