सदलगा ते बेळगाव: वेग सांगणारे बोर्ड आणि आमचा बाळू

टेम्पो विकायचा ठरला म्हणून मी बेळगाव बघितलं. गिऱ्हाईक तिथल्या उद्यमबागेत होतं आणि माझा मुलगा बाळू तिथवर एकटा गाडी न्यायला तयार नव्हता. पावसाळ्यात तवंदी घाटात टेम्पो दुभाजकाला घासला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण बाळूनं त्यानंतर स्टेअरिंग धरलं नाही. वीस वर्षं भाजी वाहणारा माणूस. विकून काय करणार विचारलं, तर म्हणाला, "बघू."

जाणार असाल तर सकाळी सातलाच निघा. उशीर केलात तर निपाणीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची पाठ बघत बसाल. निपाणीत चाळीस रुपयांत चहा-भजी होतात. तेल कधीचं ते विचारू नका.

घाटात बाळू घामानं भिजला. टेम्पोचा काटा कधीचाच बंद. आमच्याकडं वेग इंजिनाच्या आवाजावरनंच ओळखायचा.

"लई पळतोय गं आई. साठ तरी असंल."

मागचे हॉर्न मारून मारून दमले होते.

घाट संपल्यावर रस्त्याकडेला खांबावर बोर्ड आला. गाडी जवळ आली की तिचा वेग त्यावर पेटतो, बेतात असला तर हिरवा, जास्त झाला की लाल. चौथी शिकलेल्या मलाही लांबून वाचता आला. हिरवा. चौतीस.

"मग साठ कुठनं आणलास रं?"

तेवढ्यात एक कार आम्हाला मागं टाकून गेली. लाल ब्याण्णव पेटले आणि तिनं गुमान ब्रेक दाबला. शिट्टी नाही, पोलीस नाही. मला ते यंत्र तिथंच आवडलं.

संकेश्वरला चहाला थांबलो. मी बोर्डाचं कौतुक करताच शेजारचा वडापवाला, सीटवर प्रवासी भरणारा जीपवाला, हसला. "आक्का, त्याला ना कॅमेरा, ना दंड. कोण भितंय?"

"तूच भितोस की," सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. "मगाशी लाल दिसल्यावर ब्रेक कुणी मारला? माझ्या म्होरंच होतास."

"ते सवयीनं."

"मग सवय लागली म्हण की!"

"आणि पोरं शंभर दिसावं म्हणून मुद्दाम पळवत्यात, त्याचं काय?"

हे खरं आहे. त्या पोरांना बोर्ड नको, चप्पल पाहिजे.

बाळूनं मान खाली घालून ट्रकवाल्याला काट्याचं सांगितलं. तो म्हणाला, "माझाबी बंद होता. बोर्ड यायच्या आधी आकडा मोठ्यानं बोलायचा, मग बघायचं. चार दिवसांत कान ठिकाणावर येतोय."

पुढच्या बोर्डाआधी बाळू बोलला, "पन्नास." निघाले एकेचाळीस. त्याच्या पुढच्याला म्हणाला, "पंचेचाळीस." सेहेचाळीस! मी टाळी वाजवली नाही. गाडी चालवणाऱ्याला दचकवू नये.

उद्यमबागेत गिऱ्हाईक टायरला लाथा मारून बघत होतं. बाळू म्हणाला, "अण्णा, माफ करा. द्यायचा न्हाय."

"मग इथवर आणलात कशाला?"

"दाखवायला," मी म्हणाले. "बघितलासा न्हवं?"

तिथल्याच गॅरेजात काट्याची केबल बसवून घेतली. शेजारच्या खाणावळीत भाकरी आणि झुणका चांगला मिळतो. भात मागू नका, गार असतो.

घरी आल्यापासून विचार करतेय. चार महिने आम्ही सगळे बाळूला "भिऊ नको" म्हणत होतो. तो किती वेगानं जातोय, ते त्या खांबानं सांगितलं. परतताना तवंदी घाट कधी गेला मला कळलं नाही. मला झोप लागली होती.