पौषातली फटफटी

माझी फटफटी लष्करातून आलेली होती. लढाई संपल्यावर नगरला जुन्या लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात ती माझ्या पदरी पडली. मी गुरांचा डॉक्टर. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात आमचा सरकारी दवाखाना होता आणि त्याच्यामागे पत्र्याच्या दोन खोल्या मला राहायला होत्या. आधी दौऱ्याला घोडा होता. घोडा थंडीत आपला आपण उभा राहायचा, दाणावैरण पाहिली की खुशीत यायचा. फटफटीचे तसे नव्हते. थंडीत तिला आजारी म्हातारीसारखे हाताला धरून उठवावे लागे.

नगरकडच्या माणसाला आमची थंडी सांगून पटत नसे. पहाटे गवतावरचे दव पांढरे होऊन बसायचे. इंजिनातले तेल थिजलेल्या तुपासारखे व्हायचे आणि किकवर उभा राहिलो तरी ती खाली जायची नाही. दोन-तीन वेळा पायाचे सांधे दुखवून घेतल्यावर मी माझी एक रीत बसवली. संध्याकाळी दौऱ्यावरून आलो की इंजिन गरम असतानाच खालचा बोल्ट सोडायचा, सगळे तेल एका डब्यात काढून घ्यायचे आणि तो डबा चुलीच्या वैलावर ठेवायचा. चुलीला जोडून जे दुसरे तोंड असते, ज्याला जाळ लागत नाही पण धग मिळते, तो वैल. घरोघर त्याच्यावर दूध नाहीतर कालवण असते. माझा वैल रिकामाच असायचा. मी एकटा, एका वेळी एकच काहीतरी शिजवणार, तेही बहुतेक भातच. तेव्हा ती जागा मी फटफटीच्या तेलाला देऊन टाकली होती.

पहाटे उठून निखारे फुंकायचे, प्लग काढून पकडीत धरून निखाऱ्यावर शेकायचा, कोमट तेल परत ओतायचे, आणि मग किक. रात्रभर तिच्यावर गोणपाट आणि वरून एक जुनी घोंगडी असे. दवाखान्याचा शिपाई, जो माझ्या दुप्पट वयाचा होता आणि माझी चेष्टा करण्याचा हक्क त्याने स्वतःच घेतला होता, म्हणायचा की म्हशीलासुद्धा कोणी एवढी झूल घालत नाही. हँडलच्या दोन्ही मुठींवर मी घोड्याच्या तोंडाला चंदीसाठी बांधायचे जुने तोबरे बांधले होते, म्हणजे हात आत घातले की वारा लागत नसे. त्यावर तर त्याला रोज नवीन काहीतरी सुचायचे. गाडीला चंदी लावली का, हरभरे भिजत घालू का, असे विचारायचा.

स्वाराची तयारी निराळी. पायांना लष्करी पट्ट्या, गुडघ्यांवर घोंगडीचे तुकडे, कानटोपी, तिच्यावर मफलर. कोटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या. वारा कापडातून येतो, कागदातून येत नाही. हे सगळे अंगावर चढवले की मला मान वळवता यायची नाही. आरशात पाहून हसू यायचे आणि मग हसणारा आपण एकटेच आहोत हे लक्षात यायचे. मी फटफटीशी बोलायलाही लागलो होतो. चल बाई, ऊठ बाई, असे. दुसऱ्या कोणाशी बोलणार?

आधी घर असे नव्हते. आई होती, बायको होती. मी दौऱ्यावर चार चार दिवस गेलो तरी सासू-सुना एकमेकींना धरून असत, भांडत असत, पुन्हा एका ताटात जेवत असत. त्या आषाढात आई गेली. दिवाळीला बायकोचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला, ती राहुरीला गेली आणि परत आलीच नाही. भाऊबीज झाली, कार्तिक गेला. तिच्याकडून निरोप नाही. मी म्हटले, येईल. मग आमच्या भागात गुरांना बुळकांडी लागली आणि मी वाडीवाडीला टोचत हिंडत राहिलो. रोग हटेपर्यंत थंडी ऐन भरात आली होती.

मला वाटले, थंडीमुळेच येत नसेल. आमच्या त्या पत्र्याच्या खोल्यांत पहाटे भांड्यांना हात लावता येत नसे, हे तिने मागच्या वर्षी बोलून दाखवले होते. मग मी इरेला पेटलो. साहेबाकडून रजा घेतली आणि फटफटी दोघांसाठी तयार करायला बसलो. मागच्या सीटवर घोंगडीची चौपदरी घडी शिवली. बायकोच्या पायांना चटका बसू नये म्हणून धुराड्याच्या नळीवर पत्रा बांधला. संगमनेरच्या बाजारातून तिच्यासाठी नवी घोंगडी आणली, लोकरीचे हातमोजे आणले, तिच्या मापाची कानटोपी आणली. तिच्या छातीवर ठेवायला वर्तमानपत्रेही वेगळी काढून ठेवली. क्लचच्या तारेत तेल सोडले, साखळीला वंगण दिले. बायको आणायला निघालेल्या माणसाने एवढी तयारी कधी केली नसेल. ती येणार की नाही, एवढीच एक गोष्ट माझ्या हातात नव्हती, आणि तिची मला इतकी धास्ती होती की मी ती सोडून बाकी सगळ्याची तयारी करत होतो.

पहाटे निघालो. राजूर उतरून अकोल्याला येईतो बोटे तोबऱ्यांतही बधिर झाली. रस्त्यात दोनदा थांबून मी हात इंजिनाला टेकवून शेकले. प्रवरेच्या कडेने धुके असे होते की समोरची बैलगाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. संगमनेरच्या पुढे ऊन लागले. दुपारी राहुरीला पोचलो तेव्हा मला गाडीवरून उतरता येईना. सासऱ्यांनी हाताला धरून उतरवले आणि तसेच मळ्यातल्या गुऱ्हाळावर नेऊन काहिलीखालच्या जाळाशी बसवले.

त्यांच्याकडे गूळ चालू होता. जावयाचा मान म्हणून गरम काकवी आली, भाकरी आली, वर तुपाची धार आली. सगळे माझ्याशी गोड बोलत होते आणि ज्यासाठी आलो ते कोणीच काढत नव्हते. शेवटी मीच म्हटले की उद्या सकाळी निघावे म्हणतो, दोघे. सासऱ्यांनी काहिलीकडे पाहिले. सासूबाई पदर सावरून पुढे आल्या.

“जावईबापू, पौष लागलाय. पौषात लेक धाडत न्हाईत. अन् मूळ घेऊन तुमच्याकडचं कुनी आलं बी न्हाई.”

पौष! आमचा दवाखाना इंग्रजी महिन्यांवर चाले. डिसेंबर-जानेवारीची थंडी मला ठाऊक होती, तिचा अंश न् अंश मी मोजून कपड्यांत बंदोबस्त केला होता. पण हाच पौष, ज्याला घरोघर भाकड महिना म्हणतात, ज्यात सोयरीक करत नाहीत की लेकीला वाटे लावत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. दिवसभर भाकड गाई तपासणाऱ्या माणसाला भाकड महिना आठवू नये! घरात आई असती तर तिने आधीच टोकले असते. आणि मूळ घेऊन पाठवायला, म्हणजे सुनेला रीतीने बोलावून आणायला, सासरचे माणूसही आईच होती. चुलते दूर, भाऊ नाही. शिपायाला पाठवणार होतो का? नवरा स्वतःच उठून, कानटोपी घालून बायको मागायला आला, हे त्या घरात शोभण्यासारखे नव्हते. मला मनातून फार राग आला. पण तो सासूबाईंवर काढण्यासारखा नव्हता आणि पंचांगावर काढून उपयोग नव्हता.

संध्याकाळी बायको गोठ्यात धार काढायला आली तेव्हा फटफटी तिथेच उभी होती. मी पिशवी सोडून तिला हातमोजे दिले. तिने घातले, तोबऱ्यात हात घालून पाहिले आणि हसली. दिवाळीनंतर तिचे हसणे मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझा धीर वाढला. मी घोंगडी दाखवली, सीट दाखवली, पत्रा दाखवला, आणि म्हणालो की आता तिला थंडी म्हणून लागणार नाही.

तिने हातमोजे काढले. मग गाडीकडेच बघत म्हणाली,

“थंडीला मी कधीच भ्याले न्हाई. आत्याबाई गेल्या, अन् तुमी चार चार दीस वाड्यांवर. घरात शब्द बोलायला मानूस न्हवतं. मी चुलीशी बोलायला लागले हुते. मला माझंच भ्या वाटायला लागलं.”

मी तिला सांगायला हवे होते की मीही फटफटीशी बोलतो. पण तेवढ्यात आतून हाक आली आणि ती चरवी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघायला उभा राहिलो. सगळे अंगणात होते. तिने पुढे होऊन माझ्या कोटाची बटणे सोडली आणि वर्तमानपत्राच्या घड्या छातीवर नीट बसवल्या, एक घडी पोटाशी, एक खांद्यापर्यंत. तिच्यासाठी आणलेले कागदही तिने माझ्याच कोटात घातले. आईबापांसमोर ती माझ्या इतकी जवळ कधी आली नव्हती. बटणे लावून मागे सरली.

सासूबाईंनी जावयाला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही म्हणून गुळाची ढेप आणली. ती कुठे ठेवायची? मागच्या सीटवर. सासऱ्यांनी ती संगमनेरच्या नव्या घोंगडीत गुंडाळली आणि दोरीने पक्की आवळली. परत येताना धुराड्यावरच्या त्या पत्र्यामुळे ढेपेला जरासुद्धा आच लागली नाही. बायको आणायला गेलो आणि ढेप घेऊन आलो. शिपायाने ती उतरवून घेतली, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही. ते मला जास्त लागले.

तो पौष मी कसा काढला ते मलाच ठाऊक. रोज संध्याकाळी तेल काढायचे, वैलावर ठेवायचे, गुळाचा खडा टाकून चहा घ्यायचा आणि पडायचे. तिने घातलेले कागद मी बरेच दिवस बदलले नाहीत. घामाने आणि दवाने ते मऊ पडले, त्यांतून वारा यायला लागला, तेव्हा बदलले. माघ लागला, पण मूळ घेऊन पाठवायला माझ्याकडे माघातही माणूस नव्हते. पुन्हा स्वतः जाण्याचे धाडस होईना. मी गेलो आणि ती नाही म्हणाली तर? थंडीवर इलाज सापडत होते. तिने जे सांगितले होते त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. बदलीचा अर्ज केला होता, त्यावर वरून काही उत्तर नव्हते.

माघात घाटाकडच्या वाड्यांतून गुरांच्या तोंडाखुरांचा आजार आला. मी नेहमीसारखाच बरेच दिवस तिकडे अडकलो. परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. वळणावरून आमचे पत्रे दिसले आणि पत्र्यांवर धूर दिसला. पहिल्यांदा वाटले आग लागली. मी गाडी इतकी दामटली की तोबरे फडफडायला लागले.

दाराचे कुलूप फुटून कोयंड्याला लोंबत होते. खाली धोंडा पडलेला. ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. भाऊ सर्व्हिस मोटारीने आणून सोडून तसाच परत गेला होता. घराला कुलूप, मी दौऱ्यावर, येणार कधी ते कोणालाच माहीत नाही. शिपाई तिला आपल्या घरी चला म्हणाला होता. तिने त्याच्याकडे धोंडा मागितला.

मी दारातच उभा राहिलो. कानटोपी काढायचेही सुचेना.

“मूळ घेऊन धाडायला तुमच्याकडं मानूसच न्हाई,” ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “मग किती वाट बघायची? माझी मीच आले. पर आता दौऱ्यावर जाताना मलाबी मागं बसवायचं. ढेप बसती तर मी का न्हाई बसनार?”

मी हो म्हणालो. आणखी बोललो असतो तर रडलो असतो, म्हणून बाहेर गेलो. गाडीवर अजून माझी नेहमीची संध्याकाळची कामे राहिली होती. बोल्ट सोडला, तेल डब्यात काढले आणि डबा घेऊन आत आलो.

वैलावर दूध होते. त्याच्या शेजारी, धग लागेल अशा बेताने, आमटीचे पातेले टेकवलेले. डबा हातात धरून मी तिथे उभा राहिलो. इकडे सरकवू, तिकडे सरकवू, असे पाहिले. डब्याला जागाच नव्हती.

“ठेवा की तिकडं कोनाड्यात,” ती म्हणाली.

मी कोनाड्यात ठेवला. पहाटे तेल थिजून घट्ट झालेले होते. प्लग शेकला, तेल कसेबसे ओतले, पण किक काही जाईना. पायाचा घोटा दुखला, कोटाच्या आत घाम फुटला, ऊन पत्र्यावर आले तरी फटफटी हू की चू करीना. शिपाई दवाखान्याचे दार उघडायला आला आणि बराच वेळ बघत राहिला.

“आज गाडी रुसली जनू, डागदरसाहेब,” तो म्हणाला.

“रुसू दे,” मी म्हणालो, आणि चहा प्यायला घरात गेलो.