डावा भोवरा

टकलाच्या डॉक्टरकडे विनोदच जमत असतील, असं लोकांना वाटतं. तेही जमतात म्हणा! पण एका डोक्यावर केस लावायला सात-आठ तास लागतात. पेशंट पूर्ण जागा असतो आणि निम्मा वेळ पालथा. आपलं तोंड कुणाला दिसत नाही म्हटल्यावर माणूस काय वाट्टेल ते बोलतो. नगरला सावेडीत क्लिनिक टाकून मला बरीच वर्षं झाली. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण पेशंट अजून "जरा नगरला जाऊन येतो" एवढंच घरी सांगून येतो. कशाला, ते सांगत नाही!) एवढ्या वर्षांत साठलेल्यातले काही किस्से मी पार्टीत सांगतो. हे मात्र सांगत नाही.

*

सोनईचे एक व्यापारी आले होते. तपासून मी म्हणालो, "तुमचा डोनर एकदम मस्त आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "कोन हाय तो? आमच्यातला हाय का?"

डोक्याच्या मागच्या भागाला आम्ही डोनर म्हणतो, तिथलेच केस काढून पुढे लावतो, हे मी त्यांना आरसा धरून समजावलं. "हात्तिच्या! मला वाटलं मेलेल्याचे काढता काय!" म्हणून ते पोटभर हसले.

दहा दिवसांनी त्यांच्या बायकोचा फोन. "डाक्टर, खरं सांगा, केस कुनाचे लावलेत?"

"अहो ताई, त्यांचेच."

"मग झोपेत बोलतंय ते कोन?"

*

नेवाशाचे एक निवृत्त गुरुजी. एरवी सगळं शास्त्राला धरून बोलणारे! पण ऑपरेशनआधी मशिन फिरवून आम्ही केस बारीक केले, तसे म्हणाले, "ते सगळे पिशवीत घालून द्या. कुणाच्या हाती लागायला नकोत." करणीची भीती. आमच्याकडे असं बरेचजण मागतात, लाजत लाजत. माझ्या सिंधू सिस्टरने झाडून-पुसून पिशवी भरून दिली.

घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला. "डॉक्टर, यात एक हातभर लांब पांढरा केस आहे. हा कुणाचा?"

आम्ही सगळे टोप्या घालून काम करतो. सिस्टरचे केस काळे, माझ्या डोक्यावर जे उरलेत ते बोटाच्या पेराएवढे. त्या दिवशी चौथं कुणी आत आलंच नव्हतं.

"पिशवी परत आणून देऊ का?" गुरुजींनी विचारलं.

"नको!" इतक्या घाईने मी आयुष्यात कुणाला नको म्हटलेलं नाही.

*

शिर्डीचा एक फुलवाला. लावलेले केस तीन-चार आठवड्यांत एकदा गळतात आणि मग नवे येतात. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. त्याचेही गळाले. पण हा पठ्ठ्या भांबावलेला. "सर, गळाले ते ठीक हाय. पन उशीवर न्हाईत, टावेलवर न्हाईत, मोरीत न्हाईत. गेले कुठं?"

मी म्हणालो, "बारीक असतात, दिसत नाहीत."

महिन्याभराने तो दाखवायला आला. जाताना दारात थांबून म्हणाला, "सापडले, सर. वडलांच्या कंगव्यात."

"मग तुम्हीच कधी वापरला असेल त्यांचा—"

"वडील जाऊन सहा वर्सं झाली. कंगवा कपाटात हुता, कुलपात."

*

आणि हे नामदेवचं.

नामदेव राहुरीचा. वय अठ्ठेचाळीस, डोकं पार कपाळापासून मागपर्यंत साफ. बाशिंग बांधायचं असेल म्हणून मी चेष्टा केली, तर तो शांतपणे म्हणाला, "लगीन न्हाई करायचं, डाक्टर. आईनं एकदा नाव घ्यावं, येवढंच."

आई आंधळी. डोळे गेल्यापासून ती माणसं डोक्यावर हात फिरवून ओळखायची. नामदेवला टक्कल पडलं, त्यातच म्हातारीची आठवणही विरत गेली. आता तिचा हात त्याच्या डोक्यावरून नुसता घसरायचा. "हा कोन परका मानूस घरात?" म्हणायची आणि त्याच्या हातचा घास थुंकून टाकायची. ऐकून मला फार वाईट वाटलं.

केस लावताना दिशा सांभाळावी लागते. त्यातून टाळूवरचा भोवरा म्हणजे परीक्षाच! बहुतेकांचा उजवीकडे फिरतो. नामदेवचाही उरलेल्या लवेवरून उजवाच दिसत होता. तसा बाण मी पेनाने काढला, फोटोही घेतला. छिद्रं मी पाडली, केस सिस्टरने बसवले. संपता संपता ती हळूच म्हणाली, "सर, हा डावा झालाय."

बाण होता तिथेच होता. मी मात्र सगळी छिद्रं उलटी पाडली होती. इतक्या वर्षांत हे कधी झालेलं नाही. लपवणं मला जमलं नसतं, म्हणून नामदेवला तिथेच सांगून टाकलं. तो म्हणाला, "आसूं द्या. मागून कोन बघतंय!"

अकरा महिन्यांनी तो आईला घेऊन क्लिनिकवर आला. केस दाट आले होते. "तुमच्यासमोरच हुं द्या," म्हणाला आणि तिच्या पायाशी बसला. भर दुपार होती. मी, सिस्टर आणि ही दोघं, बास.

म्हातारीचा हात कपाळावरून वर गेला, केसांत शिरला, टाळूवर थांबला. एक बोट भोवऱ्यावर गोल गोल फिरायला लागलं. डावीकडे.

"बाळू? आलास व्हय रं?"

नामदेव पांढराफटक पडला. मी खुणेनेच विचारलं, बाळू कोण?

"थोरला भाऊ," तो पुटपुटला. "मी तान्हा हुतो तवा मुळा नदीत पवायला गेल्ता. भवऱ्यात सापडला. मढं बी गावलं न्हाई."

"डावा भवरा," म्हातारी हसत होती. "माझा बाळूच ह्यो. लई उशीर केलास, लेकरा."

नामदेवने मान खाली घातली. सिस्टर डोळे पुसत होती. तेवढ्यात म्हातारीने मान वळवली आणि दाराकडे कान लावला.

"जा, आधी नामाला घे. पाळन्यात रडतोय कवाचा. ऐकू येत न्हाई व्हय तुला?"

"येतंय, आई," नामदेव म्हणाला.

मलाही येत होतं.