लिंबोळीचं तेल

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी काही शिकून आले की घरी ते लक्ष देऊन ऐकलं जातं. याची मला आता थोडी भीती वाटते.

त्या दिवशी प्रॅक्टिकलला बशीत गांडुळं ठेवून आम्ही वेगवेगळी वनस्पती तेलं तपासली होती. कुठल्या तेलानं जंत मरू शकतील, याचा हा पहिला अंदाज. पोटातले जंत प्रयोगशाळेत कुठून आणणार, म्हणून गांडुळं. कडुलिंबाच्या तेलात ती लवकर थंडावली. जेवताना मी हे सांगितलं. वहिनीनं एवढंच विचारलं, "मेली?" मी हो म्हटलं.

माझी भाची दोन वर्षांची. झोपेत दात खायची, पोट टम्म, अंग मात्र भरत नव्हतं. वहिनीची आई मोरा बंदराजवळच्या गावातून सुकापूरला आमच्याकडे आली होती. त्यांच्याकडे अवसेला जंताचं औषध द्यायची रीत आहे. आधी गूळ चारायचा, म्हणजे गोडाला जंत तोंड उघडून वर येतात, आणि मग कडू तेल.

अवसेच्या दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा भाची वहिनीच्या मांडीवर होती. हनुवटीला गूळ चिकटलेला. शेजारी घरी काढलेल्या लिंबोळीच्या तेलाची बाटली आणि रिकामा चमचा. दोनदा ओकली, मग झोपली, असं वहिनी म्हणाली. तिचा चेहरा निवांत होता.

मी भाचीला हाक मारली. गुदगुल्या केल्या. मग तळव्याला चिमटा काढला. पाय किंचित हलला, डोळे उघडले नाहीत. श्वास भराभर चालला होता. बशीतल्या गांडुळांना आम्ही असंच टोचून पाहिलं होतं.

"उठवू नको," वहिनीची आई म्हणाली. "जंत मरतात, म्हणून ग्लानी हाय. आमी पन असेच वाढलो."

मला मोठ्यांशी वाद घालता येत नाही. शिवाय मला नक्की काय माहीत होतं? मी वहिनीकडेच पाहिलं.

"वहिनी, हिला दवाखान्यात नेऊ या."

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, मेली म्हणून?"

"बशीत मेली, वहिनी. बशीत बाळ नव्हतं."

वहिनी लेकीला उचलून उठली. रिक्षा कंटेनरच्या ट्रेलरांमागे अडकत होती आणि वहिनी लेकीच्या नाकाखाली बोट धरून बसली होती. बाटली मी सोबत घेतली होती. डॉक्टरांनी ती हुंगली आणि आणखी काही न विचारता मुलीला आत नेलं. हे तेल पोटात गेलं की लहान मुलांच्या मेंदूला सूज येऊ शकते, हे त्यांनी नंतर सांगितलं. मुलगी धड घरी जाईल, असं तेव्हा ते म्हणत नव्हते.

भाची वाचली. काही दिवसांनी घरी आली. पुढे जंताची साधी गोळी डॉक्टरांनीच दिली, पोट उतरलं, अंगही भरू लागलं. वहिनीची आई गावी परतताना चाळीत सांगून गेली की थोडा त्रास झाला, पण औषध लागू पडलं.

परवा शेजारची एक बाई कडेवर तान्हं घेऊन आली. ते तेल उरलंय का, विचारत होती. मी तिला दारात बसवून सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. गोळीचं सांगितलं, मेंदूचं सांगितलं. ती मान डोलवत होती. तिची नजर मात्र ओट्यावर धावणाऱ्या आमच्या धडधाकट पोरीवर होती.